पाणी उडतं, मीठ राहतं

बदलापूरला समुद्र नाही. यात नवीन काय, असं कुणीही म्हणेल. सीएसएमटीपासून रेल्वेने ६८ किलोमीटर आत आलेलं हे गाव. आमच्याकडे उल्हास नदी आहे, तिच्यावरचा बॅरेज आहे, पलीकडे बारवी धरण आहे. अंबरनाथला शिवमंदिराच्या पायाशी वालधुनी आहे, तिच्या पाण्याच्या रंगाबद्दल न बोललेलं बरं. समुद्र मात्र आमच्यापर्यंत येतो तो पाटीतल्या बोंबील-पापलेटाच्या किंवा आजीच्या डब्यातल्या सुकटीच्या रूपानेच.

गेली तीन वर्षं आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, ७५ लिटर समुद्र आहे.

घरी येणारे लोक ठरावीक प्रश्न विचारतात. "हा निमो ना?" "केवढ्याला पडला?" "लाइट बिल किती येतं?" मिठाबद्दल कुणी विचारत नाही. खरं तर या टाकीत मी रोज काय करतो याचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर ते 'मीठ' हेच आहे. मासे पोहतात, कोरल उघडतात-मिटतात, त्यात माझं कर्तृत्व शून्य. मी फक्त मिठाचा हिशोब ठेवतो.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. अरबी समुद्रात थोडे जास्त, बंगालच्या उपसागरात थोडे कमी (त्याला गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी मिळतं ना). आता कुणी म्हणेल, मग किराणा दुकानातून मीठ आणा आणि ढवळा. तसं होत नाही. समुद्राच्या क्षारांपैकी साधारण ८५ टक्के आपलं नेहमीचं मीठ असतं हे खरं, पण उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही येतं, आणि कोरलचा सगळा संसार त्या उरलेल्यावर चालतो. म्हणून माशांच्या दुकानात मिळणारं तयार समुद्री मीठ आणायचं. त्यात थोडा ओलावा धरलेला असल्यामुळे लिटरला ३७-३८ ग्रॅम टाकावं लागतं. बादलीत आरओचं पाणी, त्यात मीठ, त्यात एक छोटा पंप सोडून रात्रभर फिरवत ठेवायचं. सकाळी मोजायचं.

"सरळ दादर चौपाटीवरून दोन कॅन भरून आण की," असा सल्ला मला कमीत कमी दहा जणांनी दिला आहे. किनाऱ्याजवळच्या त्या पाण्यात गाळ, सांडपाणी आणि पावसाळ्यात गोडं पाणी किती मिसळलेलं असतं, हे लोकलमधून खाडी ओलांडताना कुणालाही दिसतं. त्यापेक्षा बादलीतला समुद्र बरा.

तर पाणी बरोबर ३५वर तयार झालं, टाकी भरली, काम संपलं असं वाटतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. टाकी उघडी असते, दिवे तापतात, पाणी उडून जातं. फक्त पाणी. मीठ आहे तिथेच राहतं. म्हणजे पातळी जसजशी खाली जाईल तसतसा टाकीतला समुद्र जास्त खारट होत जाणार. ७५ लिटरमध्ये ३५च्या हिशोबाने २६२५ ग्रॅम क्षार आहेत. रोज दोन लिटर पाणी उडालं आणि चार दिवस तुम्ही लग्नाला गावी गेलात, तर आल्यावर ६७ लिटर पाण्यात तेच २६२५ ग्रॅम. भागाकार करा, ३९च्या वर जातं. तांबड्या समुद्राच्या जवळ पोचलात की तुम्ही, तेही तिकीट न काढता.

यावर उपाय म्हणजे उडालेलं पाणी परत भरणं. नव्या माणसाचा हात साहजिकच मिठाच्या पाण्याकडे जातो. समुद्राची टाकी आहे, तर समुद्राचंच पाणी घालायचं, नाही का? नाही! उडालं आहे ते गोडं पाणी, तर भरायचंही गोडंच. वरच्याच उदाहरणात ते आठ लिटर मिठाच्या पाण्याने भरले तर पातळी अगदी रेषेवर येते, टाकी काठोकाठ छान दिसते, पण खारेपणा ३८.७. कमी भरलेली टाकी निदान डोळ्याला सांगते तरी की काहीतरी बिघडलं आहे. ही भरलेली टाकी काहीच सांगत नाही.

आमच्या शेजारच्या काकांना हे समजावून सांगायला मी एकदा वही-पेन घेऊन बसलो होतो. ते आगरी, तरुणपणी काही वर्षं मिठागरावर काम केलेले. माझं पहिलं वाक्य पुरतं संपायच्या आत म्हणाले, "अरे, मीठ कुठं जातंय? पाणी जातं. त्यावर तर आमचं पोट होतं."

मला माझ्या वही-पेनाचं हसू आलं. आगर म्हणजेच मिठागर, आणि आगरी हे नावही त्यातूनच आलं असं सांगतात. भरतीचं पाणी खाजणात घ्यायचं, बांध घालून अडवायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत उन्हाने आटवायचं. हे लोक खारेपणा 'डिग्री'मध्ये मोजतात. समुद्राचं पाणी येतं तेव्हा तीन-साडेतीन डिग्री. आटत आटत पंचविसाच्या आसपास आलं की मीठ धरायला लागतं. एकोणतीस-तिसाच्या पुढे ते पाणी सोडून द्यायचं, नाहीतर मीठ कडू होतं, कारण मग मॅग्नेशियमचे क्षार बसायला लागतात. म्हणजे माझ्या टाकीत मी जे होऊ नये म्हणून धडपडतो, तेच घडावं म्हणून या माणसाने उन्हात पाय भाजले होते. भांडुप, मुलुंड, भाईंदर, वसई, उरण... लोकलच्या किंवा एसटीच्या खिडकीतून दिसणारे ते पांढरे ढीग म्हणजे टॉप-अप न केलेल्या टाक्याच म्हणा ना.

बदलापूरच्या हवेचाही यात वाटा आहे. समुद्रकाठच्या माणसाला हा त्रास इतका होत नसावा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. टाकीचं पाणी २५-२७ अंशांवर ठेवायचं असतं. चिलर परवडत नाही म्हणून आम्ही पाण्यावर छोटा पंखा लावतो. पंख्याने पाणी थंड होतं ते उडाल्यामुळेच, माठासारखं. म्हणजे थंडावा हवा तर बाष्पीभवन वाढणार, आणि बाष्पीभवन वाढलं की खारेपणा चढणार. मे महिन्यात मला रोज दोन लिटर टॉप-अप लागतं. जुलैत, राजमाचीकडून ढग उतरले की, भिंतींनाही पाणी सुटतं आणि टाकीला अर्धा लिटरही लागत नाही. 'रोज इतकं पाणी घाला' असा नियम कुणी सांगितला तर म्हणूनच विश्वास ठेवू नये. काचेवर मार्करने एक रेष मारावी आणि रेषेपर्यंत भरावं. बस.

याचं एक यंत्रही मिळतं, पातळी उतरली की आपोआप पाणी सोडणारं. चांगलं असतं. फक्त त्याच्या कॅनमध्ये पाच लिटरच्या वर पाणी ठेवू नये असं माझं मत आहे. तरंगणारा बोंडा कधी ना कधी अडकतोच. तेव्हा वीस लिटरचा कॅन असेल तर वीसच्या वीस लिटर गोडं पाणी टाकीत (आणि जमिनीवर) येणार. पाच लिटर असेल तर पाचच येणार. यंत्रावर विश्वास ठेवावा, पण तो आपल्याला झेपेल एवढाच.

मोजायची साधनंही अशीच. स्वस्तातला हायड्रोमीटर म्हणजे प्लॅस्टिकची डबी, आत एक काटा. काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला की आकडा जास्त दाखवतो, मिठाचा थर चढला की कमी. रिफ्रॅक्टोमीटर त्यापेक्षा बरा. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून दुर्बिणीसारखं बघायचं. पण बरेचसे स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नाही, आणि त्यात एक-दीड अंकाचा फरक पडतो. म्हणून नुसत्या शुद्ध पाण्याने शून्य जुळवून भागत नाही. ३५चं तयार द्रावण बाटलीत मिळतं, त्याने जुळवायचं. जिथे आपल्याला बरोबर असायला हवं, तिथेच तपासून बघायचं. हे वाक्य मी मिठासाठी लिहिलं, पण ते बऱ्याच ठिकाणी चालेल.

टाकीचं बहुतेक सामान मी उल्हासनगरहून आणलं. काच, स्टँड, पंप, पाइप, सगळं. ज्या गावात कॅमेऱ्यापासून जीन्सपर्यंत सगळं बनतं किंवा दुरुस्त होतं, तिथे काचेची पेटी काय अवघड. मासेही तिथल्याच एका दुकानातून घेतले, क्लाउनफिशची जोडी. हे मासे समुद्रातून पकडण्याऐवजी टाकीत पैदास करणं आपल्याकडे जमलेलं आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूत मंडपमला ते काम केलं. म्हणून मी टाकीत वाढलेलेच मासे मागितले. प्रवाळाचं तर आणखी कडक आहे. कठीण प्रवाळाच्या सगळ्या जाती २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. आपल्या मालवणचं किंवा विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेचं प्रवाळ (हो, कान्होजी आंग्र्यांचंच नाव) तिथेच राहिलेलं चांगलं. माझ्या टाकीत बनवलेला खडक आहे आणि बिलं जपून ठेवलेले चार मऊ कोरल.

तर ती जोडी पिशवीतून घरी आली. सवयीने पिशवीतलं पाणी मोजलं. विशिष्ट गुरुत्व १.०१९, म्हणजे साधारण २५. माझी टाकी ३५वर! दुकानदाराने फसवलं असं मुळीच नाही, बरेच व्यापारी असंच ठेवतात. मीठ कमी लागतं आणि कमी खारेपणात माशांवरचे काही परजीवी तगत नाहीत. पण माशाला एकदम २५मधून ३५मध्ये सोडणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

का, ते सांगतो. समुद्रातल्या माशाचं रक्त समुद्राइतकं खारट नसतं, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकंच असतं. आपल्या रक्ताच्या जवळपास. (सलाइनची बाटली लिटरला नऊ ग्रॅमची असते, ते आठवा.) म्हणजे बाहेरचं खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी सतत ओढून घेत असतं. समुद्रात पोहणाऱ्या माशाला तहान लागते! तो समुद्र पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. चोवीस तास हेच काम. बाहेरचा खारेपणा हळूहळू वाढला तर कल्ले त्या कामाला माणसं वाढवतात असं समजा. एकदम वाढला तर मासा पाण्यात राहून कोरडा पडतो. खाली उतरणं त्याला त्या मानाने सोपं जातं, वर चढणं अवघड. शिंपले, कोरल यांना तर आतला-बाहेरचा खारेपणा वेगळा ठेवताच येत नाही. बाहेर जे असेल तेच आत.

म्हणून त्या दोघांना वीस लिटरच्या वेगळ्या टाकीत २५वर ठेवलं आणि रोज एक-एक अंक चढवला. आकडा रोज वहीत लिहायचा. अकराव्या दिवशी ते मोठ्या टाकीत गेले. आई तेव्हा म्हणाली, "पोरीला सासरी पाठवताना इतकं केलं नसतं कुणी."

उल्हासनगरचंच बघा. फाळणीनंतर सिंधमधून लाखाच्या आसपास माणसं कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकीत आली, त्यांतली कितीतरी कराचीहून बोटीने मुंबईला उतरलेली. ८ ऑगस्ट १९४९ला राजगोपालाचारींनी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव दिलं. समुद्रकाठच्या शहरातली माणसं एका रात्रीत आत, पत्र्याखाली. त्यांना कुणी रोज एक अंक चढवला नव्हता. तरी ती तगली, गाव उभं केलं. पण किती जण त्या पहिल्या वर्षांत आतून कोरडे पडले असतील, त्याचा आकडा कुठल्याच वहीत नसतो.

आता जे लिहिणार आहे त्यासाठीच खरं तर हा सगळा पसारा मांडला.

मागच्या वर्षी मे महिन्यात बाबा विचित्र वागायला लागले. बाबा एकोणऐंशी वर्षांचे. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू, जेवण अळणी, आणि उन्हाळा आहे म्हणून भरपूर पाणी. एक दिवस चहाचा कप हातात घेऊन 'हे कशासाठी असतं' असं त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारली. रात्री त्यांना कल्याणला रुग्णालयात नेलं. आम्हाला वाटलं पक्षाघात. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सोडियम ११६ आहे. असायला हवं १३५च्या वर.

अतिदक्षता विभागाच्या बाहेर सगळे नातेवाईक जमले होते आणि सगळ्यांचं एकच म्हणणं. मीठ कमी झालंय ना, मग द्या की पटकन! भरा सलाइन! काय एवढा वेळ लावतायत? माझ्या आत्तेभावाचा आवाजही चढला. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "चोवीस तासांत आठच्या वर चढवणार नाही. मुद्दामच."

त्यांनी कारणही समजावलं. रक्त अळणी होत गेलं की मेंदूच्या पेशींत पाणी शिरतं, त्या फुगतात. मग हळूहळू त्या आपल्यातले क्षार बाहेर टाकून त्या अळणीपणाशी जुळवून घेतात. अशा वेळी रक्त एकदम खारट केलं तर त्याच पेशींतलं पाणी झटकन ओढलं जातं आणि मज्जातंतूंवरचं आवरण खराब होतं. कधी कायमचं. आणि मुळात मीठ कमी झालंय असं म्हणण्यापेक्षा पाणी जास्त झालंय असं म्हणणं बाबांच्या बाबतीत खरं. गोळीने मीठ लघवीवाटे जात होतं, शरीर पाणी धरून ठेवत होतं, आणि वरून पाणी येतच होतं. त्यामुळे गोळी बंद, पिण्याच्या पाण्यावर मोजमाप आणि अगदी थोडं थोडं तीव्र सलाइन.

मी काही डॉक्टर नाही. पण त्या रात्री त्या बाकड्यावर बहुधा मी एकटाच असा होतो ज्याला हे ऐकून धीर आला. बाकीच्यांना वाटत होतं की हे लोक वेळ काढतायत. मला वाटलं, यांना माहीत आहे. दर सहा तासांनी रक्त घ्यायचे आणि नर्स आकडा सांगायची. ११८. १२१. १२३. मी मोबाइलमध्ये लिहून ठेवत होतो. आत्तेभाव म्हणाला, "तुला याचंसुद्धा टेबल करायचंय?" मी काही बोललो नाही. भीती वाटत असताना आकडे लिहिणं ही प्रार्थनाच असते काही लोकांची.

तिसऱ्या दिवशी १२९ला बाबांनी मला माझ्या नावाने हाक मारली. पाचव्या दिवशी १३४. त्या पाच दिवसांत टाकीकडे शेजारच्या काकांनी पाहिलं. मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "पांढऱ्या कॅनमधलं पाणी, रेषेपर्यंत." ते म्हणाले, "मला शिकवतोस?"

नावडतीचं मीठ अळणी, खाल्ल्या मिठाला जागणं, मिठाचा खडा पडणं... आपल्या बोलण्यात मीठ इतकं आहे, पण पाणी मिठाला सांभाळतं हे सांगणारी म्हण मला तरी आठवत नाही. खारेपणा म्हणजे मीठ नव्हे, मीठ आणि पाणी यांचं आपसातलं नातं. त्यातलं एक बिघडलं की आपण दुसऱ्याला दोष देतो. आणि बिघडलेलं लक्षात आलं की आपल्याला ते आजच्या आज, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करायचं असतं. जे आठवडाभरात हळूहळू बिघडलं त्याला सावरायलाही आठवडा द्यावा लागतो, हे माणसाला पटत नाही. बाकड्यावर बसलेल्याला तर अजिबातच पटत नाही.

असो. कुणी नवीन टाकी करणार असेल तर माझं सांगणं थोडंच आहे. आधी महिनाभर मासे न सोडता फक्त मिठाचं पाणी आणि खडक ठेवा आणि रोज आकडा लिहा. आपल्या घरात मेमध्ये किती उडतं, पावसात किती उडतं, ते कळेल. आकडा चुकलेला दिसला तर दिवसाला एकाच्या वर हलवू नका, मग तो वर न्यायचा असो की खाली. आणि रोज, न कंटाळता, गोडं पाणी.

आमच्याकडे आता ते काम बाबांकडे आहे. सकाळी सातला, स्वतःच्या मोजून दिलेल्या पाण्याच्या बाटलीवर खूण करून झाली की, ते टाकीचं मापटं घेतात. एकाच वहीत दोन रकाने आहेत. एकात त्यांनी प्यायलेलं पाणी, दुसऱ्यात टाकीने. काल दुसऱ्या रकान्यात सव्वा लिटर होतं. ऊन वाढायला लागलं आहे.